किडनी बसली, पुढचे काम घराचे



डायलिसिसवरचा माणूस किडनी प्रत्यारोपण होऊन घरी आला की वस्तीत आनंद होतो. शेजारीपाजारी भेटायला येतात. आठ-दहा दिवसांनी एक बोलणे हमखास निघते. गोळ्यांची भरलेली पिशवी पाहून कोणीतरी म्हणते, "या गोळ्यांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते म्हणे. मग खायच्या कशाला? त्यापेक्षा शक्ती वाढवणारा काढा द्या." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण हा सल्ला ऐकला तर बसवलेली किडनी जाऊ शकते, आणि कधी कधी माणूसही.

म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर हाच विषय घेतला आहे. अवयव बसवल्यावर प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी का करतात, कमी प्रतिकारशक्तीचा माणूस आपल्या दोन खोल्यांच्या घरात कसा सांभाळायचा, आणि एचआयव्ही किंवा मधुमेहामुळे ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे त्यांना प्रत्यारोपण मिळू शकते का?

शरीर परक्याला आत घेत नाही

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पहारेकऱ्याचे काम करतात. जंतू असो की दुसऱ्याचा अवयव, परके दिसले की त्या हल्ला करतात. ही किडनी आईने दिली आहे हे त्यांना कळत नाही. या हल्ल्याला डॉक्टर 'रिजेक्शन' म्हणतात, म्हणजे शरीराने अवयव नाकारणे.

१९५४ साली अमेरिकेत बोस्टनला पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण झाले, ते जुळ्या भावांमध्ये. दोघे दिसायला आणि शरीराने अगदी एकसारखे होते, म्हणून एकाच्या शरीराने दुसऱ्याची किडनी परकी मानली नाही. पण जुळे भावंड किती जणांना असते? बाकीच्यांसाठी पहारेकऱ्यांना आवरणारी औषधे लागणार होती.

ती औषधे बेताची द्यावी लागतात. १९६७ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात माणसाचे हृदय माणसाला पहिल्यांदा बसवले. तो रुग्ण १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. हृदय चालत होते, पण औषधांनी प्रतिकारशक्ती इतकी खाली गेली होती की फुप्फुसातला संसर्ग आवरला नाही. पुढच्याच फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. तो रुग्ण काही तासच जगला. त्या काळात जगभर असेच अपयश येत होते आणि बहुतेक रुग्णालयांनी हृदय प्रत्यारोपण थांबवले.

चित्र बदलले ते मातीतल्या बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिन या औषधाने. १९८३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नंतर जपानच्या मातीतल्या जंतूपासून टॅक्रोलिमस आले. आज आपल्याकडे बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या तीन गोळ्या मिळून देतात. औषध कमी पडले तर शरीर किडनी नाकारते, जास्त झाले तर साधा जंतूही जिवावर उठतो. ही तारेवरची कसरत जन्मभराची असते, आणि ती दवाखान्यापेक्षा घरात जास्त चालते.

"आता बरं वाटतंय" हेच धोक्याचे

आपल्या शहरातल्या एका वस्तीतल्या तरुणाला आईने किडनी दिली होती. दोन वर्षे सगळे ठीक होते. क्रिएटिनिन चांगले आले, पोरगा कामावर जाऊ लागला. गोळ्यांचा खर्च डोईजड होत होता, म्हणून त्याने आधी एक वेळची गोळी सोडली, मग महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस गोळ्यांविना काढू लागला. त्रास काहीच जाणवला नाही. जाणवला तेव्हा पाय सुजले होते आणि क्रिएटिनिन चढले होते. आता तो पुन्हा आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. त्याची आई मला म्हणाली, "ताई, माझ्याकडं आता दुसरी द्यायला नाही."

रिजेक्शन सुरू होते तेव्हा अनेकदा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात.

टॅक्रोलिमसची गोळी दिवसातून दोनदा असेल तर बरोबर बारा तासांच्या अंतराने घ्यायची. मोबाईलवर गजर लावा. एक गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा. उलटी किंवा जुलाब झाले तरी लगेच कळवा, कारण त्यामुळे रक्तातले औषधाचे प्रमाण बदलते.

रक्तातली 'लेव्हल' तपासायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घ्यायची नाही. सोबत न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा खोटा येतो.

जनऔषधी केंद्रात औषध स्वस्त मिळते का, हे जरूर विचारा. पण टॅक्रोलिमसची कंपनी बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. कंपनी बदलली की पुन्हा लेव्हल तपासावी लागते.

अंगदुखीची, गुडघेदुखीची गोळी मेडिकलवरून परस्पर आणू नका. अशा अनेक गोळ्या किडनीवर थेट घाव घालतात. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधे टॅक्रोलिमसचे प्रमाण एकदम चढवतात, तर टीबीवरचे रिफाम्पिसिन ते पाडते. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिले वाक्य हेच असू द्या: "माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय." पपनस हे फळही टाळा, त्यानेही औषधाचे प्रमाण वाढते.

आता काढ्याविषयी. ज्या पहारेकऱ्यांना आवरण्यासाठी आपण महागड्या गोळ्या घेतो, त्यांनाच चेतवणारा काढा वर पाजणे म्हणजे एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्या हाताने सोडायचे. करोनाच्या काळात गुळवेल घराघरात पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञ सोडवतील. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने मात्र प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीही घ्यायचे नाही, मग तो काढा असो, पावडर असो की टीव्हीवरच्या जाहिरातीतला डबा.

आपले घर, आपले पाणी

संसर्गाचा सर्वात मोठा धोका पहिल्या सहा महिन्यांत असतो, कारण तेव्हा गोळ्यांचा डोस जास्त असतो. पहिल्या महिन्यात जखमेचे आणि रुग्णालयातले जंतू त्रास देतात. त्यानंतर अंगात झोपलेले जंतू जागे होतात, बुरशीही लागते. पुढे डोस कमी होतो, पण धोका पूर्ण जात नाही. २०२१ ची काळी बुरशी आपण विसरलेलो नाही. शरीर कमजोर झाले की हवेतली साधी बुरशी काय करते, ते मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिले.

मग झोपडपट्टीतल्या, पत्र्याच्या घरातल्या माणसाने प्रत्यारोपण करूच नये का? करावे. त्यासाठी बंगला लागत नाही, शिस्त लागते.

पाणी: आपल्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि ड्रम भरून ठेवावे लागतात. रुग्णाचे पिण्याचे पाणी वेगळे ठेवा. ते खळखळ उकळा, झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका. वापरायच्या पाण्याचे ड्रम घट्ट झाका आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. डेंग्यूचा डास याच पाण्यात वाढतो.

जेवण: ताजे आणि गरम. रात्रीचे शिळे सकाळी रुग्णाला नको. कच्ची मोडाची कडधान्ये, न उकळलेले दूध, अर्धवट शिजलेले अंडे-मटण, गाड्यावरची पाणीपुरी आणि उसाचा रस बंद. फळ धुऊन, सोलून द्या. मीठ आणि साखर डॉक्टर सांगतील तेवढेच, कारण प्रेडनिसोलोनने रक्तदाब आणि साखर दोन्ही चढतात.

टीबी: हा आपल्या वस्त्यांचा जुना शत्रू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने किडनी बसवलेल्या साडेबाराशे रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा साधारण १३ टक्क्यांना पुढे टीबी झाल्याचे दिसले. म्हणून घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्याची थुंकी आधी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. खोकणाऱ्याने रुग्णाच्या खोलीत झोपू नये. एकच खोली असेल तर खिडकी-दार उघडे ठेवा आणि दोघांनीही मास्क लावा.

धूळ आणि गर्दी: घर झाडताना, पोताड्यातले धान्य निवडताना, शेजारी बांधकाम चालू असताना रुग्णाने तिथे थांबू नये. कबुतरांची विष्ठा त्याने साफ करू नये. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायची ओढ सगळ्यांनाच असते. पहिल्या वर्षी घरूनच वंदना करावी. नंतर जायचे तर डॉक्टरांना विचारून, मास्क लावून, दाट गर्दी टाळून.

लसी: हिपॅटायटिस बी, न्यूमोनिया वगैरे लसी शक्यतो प्रत्यारोपणाआधीच घ्याव्यात. गोवर किंवा कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूच्या लसी प्रत्यारोपणानंतर देत नाहीत. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण थेंबातला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. बाळाचा डोस चुकवू नका. फक्त त्याची शी-शू दुसऱ्या कोणीतरी करावी आणि साबणाने हात धुवावेत.

बायकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट, जी लाजेने राहून जाते. प्रत्यारोपणानंतर पाळी पुन्हा नियमित होऊ शकते आणि दिवसही राहू शकतात. मायकोफेनोलेट गोळी पोटातल्या बाळाला इजा करते. म्हणून सुरुवातीपासून गर्भनिरोधनाची सोय करा. मूल हवे असेल तर निदान एक वर्ष थांबून, डॉक्टरांकडून औषध बदलून घेऊन मगच ठरवा.

ताप १००.४ च्या वर गेला, लघवी कमी झाली, दम लागला, किडनी बसवलेल्या जागी पोट दुखले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या गोळ्यांमुळे मोठा संसर्ग असूनही ताप कमीच दिसू शकतो. क्रोसिन देऊन रात्र काढू नका.

ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या एखाद्याची किडनी निकामी झाली की घरचे म्हणतात, "आता काय उपयोग?" कधी कधी पांढरा कोट घातलेला माणूसही तसेच बोलतो. हे बोलणे जुने झाले आहे.

अमेरिकेत एचआयव्ही असलेल्या १५० रुग्णांना किडनी बसवून त्यांचा अभ्यास केला गेला आणि २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर सुमारे ९५ टक्के आणि तीन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण जिवंत होते. एक गोष्ट डॉक्टरांनाही अनपेक्षित होती. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या या रुग्णांमध्ये रिजेक्शनचे प्रमाण इतरांपेक्षा दोन-तीन पट जास्त निघाले. म्हणजे एचआयव्ही आहे म्हणून गोळ्या कमी चालतील, हा समज चुकीचा ठरला. २००८ मध्ये डॉ. एल्मी म्युलर यांनी एचआयव्ही असलेल्या मृत दात्याची किडनी एचआयव्ही असलेल्याच रुग्णाला बसवली, तीही केपटाऊनच्या त्याच ग्रूट शूर रुग्णालयात. भारतातही काही केंद्रांत एचआयव्ही असलेल्या रुग्णांना किडनी बसवली गेली आहे.

अट अशी असते की एआरटीची गोळी रोज चालू हवी, रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबलेला हवा आणि सीडी-४ साधारण २०० च्या वर हवा. एआरटीच्या गोळ्यांत रिटोनावीर असेल तर ते टॅक्रोलिमसचे प्रमाण कित्येक पट वाढवते. म्हणून घाटीतल्या एआरटी केंद्राचे कार्ड प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

लपवावेसे वाटते ते भेदभावाच्या भीतीने. त्यासाठी कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. केवळ एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे त्याने बेकायदा ठरवले आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसे काम करतात अशा आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी असावा लागतो. प्रत्यारोपण नाकारले तर वैद्यकीय कारण लेखी मागा.

मधुमेह, हिपॅटायटिस किंवा पूर्वीचा टीबी असला तरी दार आपोआप बंद होत नाही. साखर आटोक्यात आणणे, टीबीचा कोर्स पूर्ण करणे, दात आणि हिरड्यांचा संसर्ग काढणे ही तयारी आधी करावी लागते. काही वेळा धोका खरोखरच जास्त असतो आणि डायलिसिस चालू ठेवणेच बरे असते. ते तपासण्या करून डॉक्टरांनी ठरवायचे. पत्ता बघून किंवा कपडे बघून ठरवायचे नाही.

दान आणि दबाव

अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात शिबी राजाची जातककथा रंगवली आहे. मागणाऱ्याला त्याने स्वतःचे डोळे दिले. चमत्कार बाजूला ठेवा, दान पारमितेचा अर्थ घ्या. शिबीने स्वतःहून दिले. सुनेला कोपऱ्यात घेऊन "तुझीच जुळते, तुलाच द्यावी लागेल" असे सांगणे याला दान म्हणत नाहीत. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आई, बायको आणि बहीणच जास्त दिसतात, घेणाऱ्यांत पुरुष जास्त. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात स्त्रीच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडले. त्यांच्या लेकींना स्वतःच्या शरीराबद्दल नाही म्हणण्याचा हक्क आहे. देणारीला डॉक्टरांशी एकटीने बोलू द्या.

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडेही आली. किडनीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. त्याला ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे. दलाल कर्जात बुडालेल्या वस्तीतच येतो. त्याला दारातूनच परत पाठवा.

नातेवाईकाची किडनी जुळत नसेल तर मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या अवयवासाठी रुग्णालयामार्फत नाव नोंदवता येते. मराठवाड्यासाठी आपल्या शहरातच विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आहे. त्या यादीत रक्तगट, प्रतीक्षेचा काळ आणि आजाराची गंभीरता पाहतात. जातीचा रकाना तिथे नाही.

पैशाची बाजू

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये झाली. रुग्णालय योजनेत आहे का आणि प्रत्यारोपणासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला शस्त्रक्रियेआधी विचारा. योजनेची हेल्पलाईन १५५३८८. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. ऑपरेशनचे पैसे अशा रीतीने उभे राहतात. खरा पेच नंतरच्या गोळ्यांचा असतो. त्यांना दर महिन्याला हजारो रुपये लागतात आणि मदतीची हौस तोवर ओसरलेली असते.

इथे आपली विहारे आणि महिला मंडळे काम करू शकतात. विनयपिटकात प्रसंग आहे. एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला धुतले आणि मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. आपल्या वस्तीत डायलिसिसवर किती जण आहेत, प्रत्यारोपण झालेले किती आहेत, याची यादी त्यांची संमती घेऊन विहारात करा. एचआयव्हीची नोंद त्यात अजिबात नको. पौर्णिमेच्या वर्गणीतला छोटा वाटा औषधांसाठी वेगळा ठेवा. आणि प्रत्येक महिन्याच्या २५ तारखेला मंडळातल्या एका बाईने त्या घरी जाऊन एवढेच विचारावे: गोळ्या किती दिवस पुरतील? उत्तर पाच दिवसांपेक्षा कमी आले, तर त्याच संध्याकाळी पैसे गोळा करा.